तीन चाकांवरचा ऑक्टोबर

दसरा उलटला आणि नवीन पनवेलच्या रस्त्यांवर परत डांबराचा वास सुटला. पावसाळ्याने खाल्लेले खड्डे भरायला माणसं आली आहेत. सकाळी नऊलाच ऊन पाठीला चटके देतं, दुपारी वारा पडतो, आणि पहाटे तळोज्याकडून तो ओळखीचा आंबूस वास येऊन खिडकीशी बसतो. गव्हाणच्या बाजूला जी चार भातशेतं उरली आहेत ती आता पिवळी झाली असतील. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंख्याखाली पडून राहतात. मला पडवत नाही. तीस वर्षं हा माझा बाहेर पडायचा महिना होता. परवा पोळ्या लाटताना खाली लक्ष गेलं तर लाटण्यावर माझं उजवं मनगट मागे वळत होतं, अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तसं. पोळीला कुठलाच आकार राहिला नाही. श्रीकांतने ती मुकाट्याने खाल्ली.

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. निवृत्त शिक्षक, विषय भूगोल. दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, मी त्याला एक खोटं सांगितलं. म्हटलं, डॉक्टर म्हणतात तीन चाकी मोटारसायकलसुद्धा चालवायची नाही. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. एवढंसं वाक्य, पण ते घरात मुक्कामालाच आलं. अकरा महिने ते गप्प असतं, आणि डांबराचा वास आला की उठून येरझाऱ्या घालायला लागतं. सांगून टाकावं का, आणि सांगितलं तर हा काय म्हणेल, एवढ्या एका प्रश्नापायी मी सध्या कपाटं आवरते आहे. तीच कपाटं, तिसऱ्यांदा.

मोटारसायकल माझ्याकडे आली ती काही हौसेने नव्हे. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी लॅबमध्ये होते. पहिली पाळी सहाची, आणि बस वेळेवर येईल तर शपथ. धाकट्या दिराची जुनी गाडी जिन्याखाली गंजत पडली होती, ती घेतली आणि आठ दिवसांत शिकले. गेटवरच्या वॉचमनने पहिले तीन दिवस मला ‘साहेब’ म्हणून सलाम ठोकला. चौथ्या दिवशी मी गेटवरच हेल्मेट काढलं, त्यानंतर सलाम बंद झाला. पुढे सवय झाली, त्यालाही आणि मलाही. श्रीकांतला सायकलच्या पुढे काही चालवता आलं नाही आणि त्याला त्याची कधी लाजही वाटली नाही. तो मागे बसायचा. खिशात नकाशा, तोंडाची टकळी चालू: हा डोंगर बघ, तो लाव्ह्याचा थर बघ, ही नदी खरं तर उलटी वाहायला हवी होती. असा आम्ही अर्धा महाराष्ट्र पाहिला. मागच्या सीटवर कसं बसावं हे कोणाला शिकवायचं झालं तर त्याच्याकडे पाठवावं. वळणावर तो माझ्याबरोबर झुकायचा, एक बोट कमी नाही की जास्त नाही. आमचं भांडण चालू असलं तरी झुकायचा.

मग माझा डावा कान बिघडला. ऐकू येतं, पण तोल सांभाळणारी आतली नस एका तापात दुखावली. गाडी चालती असली की काही होत नाही. थांबली की डोक्यात घर फिरतं आणि पाय टेकायला अर्धा सेकंद उशीर होतो. मोटारसायकलला अर्धा सेकंद पुष्कळ झाला. एकदा पेट्रोल पंपावर, सगळ्यांच्या देखत, उभ्या गाडीसकट आम्ही दोघं आडवे झालो. श्रीकांतचं कोपर सोललं. तो मात्र धावत आलेल्या लोकांना ‘काही नाही, माझाच पाय अडकला’ असं सांगत होता. माझी चूक त्याने अशी झाकल्याचा मला भयंकर राग आला. डॉक्टरांनी दोन चाकं बंद केली. तीन चाकांचं बघू म्हणाले, आधी सराव करा, मग मला येऊन दाखवा.

त्या संध्याकाळी श्रीकांतने वहीत रकाने आखले. वळण, ब्रेक, खड्डा, मागची सीट. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशा तो महिनाभर आम्ही तीन चाकी मोटारसायकली बघत फिरलो.

पहिलं स्थळ जुन्या पनवेलच्या मुश्ताकभाईंकडचं. त्यांच्या गॅरेजात एक दणकट जुनी मोटारसायकल होती आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार, म्हणजे एका चाकावरची माणूस बसेल एवढी पेटी, जोडलेली. ‘मॅडम, एक बात ध्यानात ठेवा,’ चिंधीला हात पुसत मुश्ताकभाई म्हणाले. ‘हा डबा गाडीचा नोकर नाही. त्याची मर्जी वेगळी. रेस दिली की तो मागे रेंगाळतो, गाडी डावीकडे ओढतो. ब्रेक मारला की तो पुढे धावतो, गाडी उजवीकडे जाते. सब्र ठेवा. त्याच्याशी भांडू नका.’ मी भांडले. माझा स्वभावच तो. रेस दिली, गाडी फुटपाथकडे निघाली. ब्रेक दाबला, ती समोरून येणाऱ्या टेम्पोकडे वळली. उजवीकडची वळणं ऐटीत झाली, पण पहिल्याच डाव्या वळणाला साइडकारचं चाक जमिनीवरून सुटलं आणि आतून श्रीकांत म्हणाला, ‘नीलू, मी वर आलोय.’ आवाज अगदी नेहमीचा, चहा झाला का विचारावं तसा.

तासाभराने माझे हात खांद्यापासून भरून आले. पण हात हे निमित्त होतं. माझ्या पाठीमागे कोणी नव्हतं. तीस वर्षं पाठीला जे वजन माहीत होतं ते आता बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बाजारातून आणलेल्या भोपळ्यासारखं ठेवलेलं होतं. तो काही तरी दाखवत होता, बोलत होता, आणि मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ‘ही नको,’ मी म्हटलं. त्याने वहीत लिहिलं: मागची सीट नाही.

हे लिहिता लिहिता मी तीनदा खिडकीशी जाऊन आले. खाली कोणी तरी नवी गाडी आणली आहे आणि ती उगाच जागच्या जागी गुरगुरवतो आहे. अशाने प्लग खराब होतो, हे त्याला सांगायला खाली जावं की काय असं वाटतं आहे. श्रीकांत आतून विचारतो, ‘काय गं, काही हवंय का?’ मी म्हणते, काही नको. या घरात सध्या हे एवढंच बोलणं होतं.

दुसरी आणि तिसरी एकाच शेडमध्ये भेटल्या. कॅप्टन रेगे जहाजावरून निवृत्त झालेले, खुब्यात नवा सांधा बसवलेला, म्हणून तेही तीन चाकांवर आलेले. उलव्याला घर आणि घराइतकीच मोठी शेड. एका गाडीची दोन चाकं पुढे. ती त्यांनी परदेशातून आणली होती, पण तिची कागदपत्रं अडकली होती, म्हणून ती त्यांच्या आवारातल्या रस्त्यावरच फिरायची. दुसरीची दोन चाकं मागे. लांब पल्ल्याची भारी मोटारसायकल, तिचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा घातलेला. ही रीतसर होती. कॅप्टनना आता फार वेळ बसवत नव्हतं, त्यामुळे ती ते आम्हाला द्यायला तयार होते.

आधी मी दोन चाकं पुढे असलेली घेतली. काय सांगू! वळणावर तिची पुढची दोन्ही चाकं गाडीबरोबर कलतात. बारीक खडी पसरलेल्या वळणावर, जिथे एरवी श्वास धरून जायचं, तिथे ती मांजरासारखी नखं रोवून गेली. खड्ड्यात एक चाक गेलं तरी दुसरं सांभाळून घेत होतं. मी झुकले, मागे श्रीकांत झुकला, आवाराच्या त्या सरळसोट रस्त्याला कशीबशी दोन वळणं होती, ती आम्ही अकरा वेळा घेतली. हेल्मेटच्या आत मी रडत होते, हे आता सांगायला हरकत नाही. बाराव्या फेरीला थांबले. थांबले आणि डोक्यात घर फिरलं. ती गाडी चालताना कितीही गुणाची असली तरी थांबल्यावर इतर मोटारसायकलींसारखाच पाय मागते. माझा पाय उशिरा टेकला. श्रीकांतने मागून पाय रोवला आणि कॅप्टन आपला नवा सांधा विसरून धावले, म्हणून आम्ही उभे राहिलो.

‘तीन चाकं असून पडते?’ श्रीकांतने विचारलं.

‘झुकते ना, सर,’ कॅप्टन म्हणाले. ‘झुकणारी गाडी पडणारच. न पडणारी हवी असेल तर ती तिकडे उभी आहे.’

न पडणारीवर मी दुसऱ्या दिवशी बसले, मागे श्रीकांत. टाकीवर कॅप्टननी पिवळी पट्टी चिकटवली होती, तिच्यावर दोनच शब्द: पाय वर. कारण जन्मभर मोटारसायकल चालवलेला माणूस थांबताना सवयीने पाय खाली टाकतो, आणि मागचं रुंद चाक त्याच्याच पायावर चढतं. पाय मी सांभाळला, पण हात विसरले. मोटारसायकलवर वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी बाजू अलगद पुढे ढकलायची असते. गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे कोणी शिकवत नाही, अंग आपलं आपण शिकतं. न झुकणाऱ्या गाडीला मात्र ते कळत नाही. तिची डावी बाजू ढकलली की तिचं चाक उजवीकडे वळतं आणि ती सरळ उजवीकडे जाते. तशी ती गेली. गव्हाण फाट्याच्या अलीकडे, रस्ता ओलांडून, पलीकडे उभ्या असलेल्या एका रिक्षाच्या दिशेने. वीतभर अंतरावर थांबली. रिक्षात बसून एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, गाडी पाहिली, चाकं मोजली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

‘ताई, तुमी ढकलता कशाला?’ ते म्हणाले. ‘ही काय मोटारसायकल हाय? जिकडं जायचं तिकडं हँडल फिरवा. मी पन पयल्यांदा असाच खाडीत गेलतो.’

ते धर्मादादा. गव्हाणचे, पंचवीस वर्षं रिक्षा चालवणारे. तीस वर्षं मी पनवेलच्या रिक्षावाल्यांना हेल्मेटच्या आतून काय काय बोलले आहे ते इथे लिहिता येणार नाही, आणि आता त्यांच्यातलाच एक माझा गुरू होऊन बसला. श्रीकांतला हे इतकं आवडलं की त्याने तिथल्या तिथे शिकवणी ठरवून टाकली. तीन सकाळी, उलव्याच्या अजून इमारती न उठलेल्या रिकाम्या रस्त्यांवर, मी धर्मादादांची रिक्षा चालवली. दादा माझ्या शेजारी अर्धे टेकलेले, श्रीकांत मागे उतारूच्या जागेवर वही घेऊन. ‘वळनाच्या आदी हळू व्हा, वळनात नाय,’ दादा सांगत. ‘गाडी नाय झुकनार, तुमी झुका. आंग आत टाका. मागं बसलेल्याला पन सांगा.’ मागं बसलेला आधीच झुकला होता. खड्ड्यांचं मात्र मला जमेना. दोन चाकांची एकच वाट असते, ती खड्ड्याच्या कडेने काढता येते. तीन चाकांच्या तीन वाटा. पुढचं वाचवलं की मागचं सापडतं आणि गाडी बैलगाडीसारखी डाव्या-उजव्या अंगाला हेलकावते. ‘खड्डा चुकवायचा नाय,’ दादा म्हणाले. ‘कुठच्या चाकाला द्यायचा ते ठरवायचं, बस.’ श्रीकांतने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मला आली ती कॅप्टनची गाडी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला ‘जमलं नाही’ ही सबब नाही. आठ-दहा दिवसांत मी ती पेणपर्यंत नेऊन आणली. थांबले की ती ठाम उभी राहायची. डोक्यात घर फिरो नाही तर गाव. पण प्रत्येक वळणाला अंग बाहेर फेकलं जायचं, आणि मी ते ओढून आत आणायची. दोन चाकांवर वळण अंगात शिरतं आणि निघून जातं. इथे प्रत्येक वळणाशी हुज्जत होती. श्रीकांत मागे खूश होता. त्याला रुंद सीट मिळाली होती, पाठीला टेकायला उशी, आणि डोंगर दाखवायला दोन्ही हात मोकळे. रात्री जेवण झालं की तो नकाशा पसरायचा. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पुढे दिघीची जेटी, तिथून खाली हरिहरेश्वर. पेन्सिलीने तो रोज तोच रस्ता पुन्हा गिरवायचा.

आणि मग तो रविवार आला. पळस्प्याच्या पुढे चहाला थांबलो होतो. आमच्या जुन्या रायडिंग ग्रुपमधले चौघं तिथे आले. त्यात केतकी होती. तिला घाटात गाडी कशी उतरवायची ते मी शिकवलं होतं, स्वतःच्या पोरीला शिकवावं तसं. ती धावत आली, गाडीभोवती फिरली, आणि मनापासून म्हणाली, ‘काकू, किती छान झालं. आता पडायचा प्रश्नच नाही.’ मी गाडीवर बसूनच चहा घेत होते; उतरायला लागले, तर तिने माझ्या हातातला चहाचा ग्लास घेतला आणि मी खाली उतरेपर्यंत धरून ठेवला. बाकीच्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली. कोणी हसलं असतं तर मी पाहून घेतलं असतं. हसलं कोणी नाही. चहा पिऊन ते निघाले, आणि समोरच्या वळणावर एकामागोमाग एक चौघंही झुकत गेले. मी ते पूर्ण दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला एका रेषेवरून चालवलं, डोळे मिटून उभं केलं, गाडीची माहिती विचारली. म्हणाले, चालवा की खुशाल, घाट दिवसाउजेडी करा, मागे यजमान बसले तरी हरकत नाही. मी चालत घरी आले. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी खरं सांगणार होते. तिसऱ्या मजल्यावर दार उघडून श्रीकांत उभा होता, हातात नकाशा, आणि मला माझ्या हातातला तो चहाचा ग्लास आठवला. ‘नाही म्हणाले,’ मी म्हटलं. ‘तीन चाकीपण नाही.’

तो म्हणाला, ‘बरं.’ नकाशाची घडी घातली. एकही प्रश्न नाही. त्या वेळी मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते. मान माझा, आणि त्यासाठी घरी बसवलं त्याला. कॅप्टनना मी फोनवर काही तरी थातुरमातुर सांगून गाडी नको म्हणून कळवलं. श्रीकांत संध्याकाळी एकटाच खांदेश्वरच्या तळ्यापर्यंत चालत जायला लागला. मी येते म्हटलं तर म्हणायचा, कशाला, तुला कंटाळा येईल. मला वाटायचं माझ्या कानाची काळजी करतो.

इथवर लिहून मी थांबले होते. आज संध्याकाळी तो ओट्याशी बसून वालाचं बिरडं सोलत होता. मी चौथ्यांदा कपाट उघडलं, बंद केलं, आणि त्याच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, ‘श्रीकांत, डॉक्टर तेव्हा हो म्हणाले होते. मी खोटं बोलले. मला ती गाडी रिक्षासारखी वाटली. लोकांनी माझ्याकडे तसं बघितलेलं मला सोसलं नाही.’

त्याने हातातला वाल सोलून वाटीत टाकला. ‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘काय माहीत होतं?’

‘डॉक्टर हो म्हणाले होते ते. त्या दिवाळीतच ते मला औषधाच्या दुकानात भेटले. विचारत होते, गाडी घेतली की नाही. मी म्हटलं, विचार बदलला.’

‘मग मला का नाही विचारलंस? दोन वर्षं?’

त्याने पुढचा वाल सोलायला घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काय विचारणार, नीलू? मला वाटलं, तुला मागे मी नको झालोय. पंपावर पडलो तेव्हा माझंच वजन होतं ना मागे. तुला तोंडावर सांगणं जड जात असेल म्हणून डॉक्टरांचं नाव घेतलंस, असं मी धरून चाललो.’

मी माझ्या मानापायी खोटं बोलले होते, आणि तो दोन वर्षं रोज तळ्यापर्यंत हे घेऊन चालत होता. मला रडायलाही तोंड नव्हतं. मी त्याच्या पुढ्यातले वाल ओढले आणि सोलायला लागले. अर्धी वाटी झाली.

‘उद्या सकाळी साडेसहाला निघू,’ मी म्हटलं. ‘कॅप्टनकडे. ती गाडी असली तर ती, नसली तर दुसरी शोधू. रिक्षासारखी चालली तर चालू दे. तू तयार राहा.’

‘मी सहालाच तयार असतो,’ तो म्हणाला.

दोन वर्षं हा माणूस सहाला तयार होऊन बसला होता.